काचघरातला बंद रेकॉर्डर

"आत्ताच्या आत्ता ये," वहिनी फोनवर म्हणाली. "माझी कळी गेली. कुंडीसकट. आणि तुझा दादा माळीकाकांना पोलिसांच्या हवाली करायला निघालाय."

टेस्टरताईने समोरचा मिक्सर तसाच उघडा ठेवला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. बिघडलेल्या विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे तिला याच नावाने ओळखत.

दादा-वहिनीची नर्सरी रस्त्याच्या टोकाला होती. कित्येक वर्षं वहिनी तिथल्या काचघरात दोन जातींच्या ऑर्किडचा संकर करत होती. रोपं यायची, मरायची. हे एकच जगलं आणि यंदा पहिल्यांदा त्याने कळी धरली. उद्याच्या प्रदर्शनात त्या नव्या जातीची वहिनीच्या नावाने नोंद व्हायची होती.

काचघरात गारठा होता. मधल्या मांडणीवर एका कुंडीपुरती जागा मोकळी होती. शेजारी हिरवी जाळी आणि चार काटक्या पडल्या होत्या. माळीकाका खाली मान घालून उभे होते. फौजदार प्रश्न विचारत होते.

"कळी शेवटची कोणी बघितली?"

"मी," दादा म्हणाला. "काल संध्याकाळी काका पाणी घालून गेले, मग मी आत चक्कर मारली. कळी जागेवर होती. कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर कुंडी गायब. कुलूप मात्र शाबूत."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक घरात असते, दुसरी काकांकडे."

फौजदार वहिनीकडे वळले. "तुम्ही काल कुठे होतात?"

"सकाळी कळी बघून निघाले, मग दिवसभर प्रदर्शनाच्या हॉलवर. मांडणी करत होते. घरी आले तेव्हा अंधार पडला होता."

"आणि काका, तुम्ही?"

"दिवसभर बायकोला घेऊन दवाखान्यात होतो, साहेब. संध्याकाळी आलो, पाणी घातलं, गेलो."

"तेव्हा कळी होती?"

"काय सांगू? वर जाळी घातलेली होती. दादासाहेब म्हणाले, तिला हात लावू नका, कळीला वारं सोसत नाही."

"मी?" दादा उसळला. "जाळी मी बघितलीसुद्धा नाही. यांनीच जाताना टाकली असणार, कुंडी गेल्याचं लगेच कळू नये म्हणून. इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं, त्याचे हे पांग फेडले!"

काकांनी मान वर केली. दादाकडे बघितलं.

"वर कॅमेरा दिसतोय," फौजदार म्हणाले.

"नुसता शोभेचा," दादा म्हणाला. " त्याचा रेकॉर्डर केव्हाच मेलाय. स्क्रीनसुद्धा काढून टाकलाय."

काचघराच्या भिंतीवर पत्र्याचं छोटं कपाट होतं. रेकॉर्डर त्यात होता. टेस्टरताईने कपाट उघडून हात लावला. मशीन बर्फासारखं गार होतं. पुढचा हिरवा दिवा लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लुकलुकायचा.

मागे एकदा दादाने फोनवर तिला याच दिव्याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली होती, "कपॅसिटर गेला असेल. बदलेपर्यंत रेकॉर्डिंग काही होणार नाही. घेऊन ये, चहा होईस्तोवर करून देते." तो आलाच नव्हता.

"मी घेऊन जाते," ती म्हणाली.

"ने की," दादा म्हणाला. "आणि तूच सांग साहेबांना, आत काही नाही म्हणून. तुझ्या शब्दावर तरी विश्वास बसेल त्यांचा."

दुकानात आल्यावर तिने झाकणाचे स्क्रू काढले. हार्ड डिस्कची वायर आधी सोडवली. मशीन असं झटके खात असताना डिस्कला त्रास नको. वीज पुरवणाऱ्या भागातला एक कपॅसिटर लगेच नजरेत भरला. त्याचं सपाट डोकं फुगून वर आलं होतं, बुडाशी तपकिरी चिकट ओघळ सुकला होता. कुणी मुद्दाम केलेलं काम नव्हतं हे. महिनोन्महिने हळूहळू बाद झालेला भाग होता.

तो काढण्याआधी तिला एक शंका आली. तिने केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गरम वारा त्या फुगलेल्या डोक्यावर धरला.

दिवा लुकलुकत राहिला. मग स्थिर झाला. मशीन सुरू झालं.

तिने ड्रायर बंद केला, वीज तोडली, सगळं गार होऊ दिलं. पुन्हा वीज दिली. दिवा परत लुकलुकायला लागला.

आता तिने डाग वितळवून जुना कपॅसिटर काढला. तेवढ्याच क्षमतेचा नवा घेतला, त्याची उणे बाजूची पट्टी खुणेशी जुळवली, डाग दिला. मशीन एका दमात उठलं. तिने डिस्क जोडली, स्क्रीन जोडला आणि बघायला बसली.

बघून झाल्यावर तिने झाकणाचे स्क्रू परत लावले.

दुपारी नर्सरीच्या ऑफिसात सगळे जमले. टेस्टरताईने रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"सापडलं काही?" फौजदारांनी विचारलं.

"रोजचं रेकॉर्डिंग आहे. पण फक्त दुपारचं."

दादा हसला. "बंद मशीन दुपारपुरतं जागं होतं की काय?"

"हो, होतं. म्हातारा झालेला कपॅसिटर गारठ्यात काम करत नाही. ऊब मिळाली की थोडा वेळ तग धरतो. सकाळी काचघर गार असतं. दुपारी तेच पत्र्याचं कपाट तापतं. फोनवर तू दिव्याबद्दल विचारलंस तेव्हा मी सांगितलं, रेकॉर्डिंग होणार नाही. उन्हाची गोष्ट मलाही सुचली नव्हती. तू माझ्या शब्दावर विसंबलास, दादा."

फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली.

"परवा दुपारी कळी मांडणीवर आहे," ती पुढे म्हणाली. "काल दुपारी मशीन जागं झालं तेव्हा जागा रिकामी आहे. वहिनी काल सकाळी कळी बघून निघाली, म्हणजे कुंडी त्यानंतर, दुपारच्या आत गेली. काका तेव्हा दवाखान्यात होते, वहिनी हॉलवर. मग संध्याकाळी तू स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलंस?"

"त्या मशीनचं घड्याळ चुकलं असेल."

"घड्याळ राहू दे."

तिने स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला. काचघर भर उन्हात होतं. दादा आत आला. मोकळ्या जागेभोवती त्याने चार काटक्या उभ्या केल्या आणि वर हिरवी जाळी पसरली. दोन पावलं मागे सरला, बघितलं, एक कोपरा नीट ओढून घेतला. आत काहीही नव्हतं. त्या काहीही नसलेल्याला तो जपून झाकत होता.

"काकांनी पाणी घालून जावं, त्यांना काही दिसू नये, आणि सकाळी आळ त्यांच्यावर यावा," टेस्टरताई म्हणाली. "मशीन मेलेलंच आहे हे सांगायला मी होतेच. सख्खी बहीण. माझ्याकडून खोटी साक्ष वदवून घेणार होतास, मला न कळू देता."

"कुंडी कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

दादा खुर्चीत खचला. "एका मोठ्या नर्सरीवाल्याकडे," तो म्हणाला. "तो मला भागीदार करून घेणार आहे. नोंद माझ्या नावावर होईल." मग एकदम वहिनीकडे वळला. "इथे माझं काय आहे? येणारा प्रत्येक जण विचारतो, बाई आहेत का? मी नुसता बाईंचा नवरा!"

वहिनीचा चेहरा हलला नाही.

"रात्री अंधारात घरी आले," ती म्हणाली, "तेव्हा मी विचारलं, कळी कशी आहे? तुम्ही म्हणालात, मजेत आहे. दमलीयेस, झोप. मी खरंच निवांत झोपले."

दादा बहिणीकडे बघायला लागला. "तू तरी... माझी बहीण ना तू?"

"काकांच्या पाया पड आधी," टेस्टरताई म्हणाली.

दादा उठला तसे काका दोन पावलं मागे सरले. "नको," ते म्हणाले. "हात नको लावू मला."

फौजदारांनी दादाचा फोन मागून घेतला. त्यांनी बघेपर्यंत त्यावर नवा निरोप आला होता, मोठ्या नर्सरीवाल्याचा. खाली एक फोटो होता. फौजदार क्षणभर घुटमळले, मग त्यांनी फोन वहिनीपुढे धरला.

कळी उमलली होती. परक्या टेबलावर, परक्या माणसांसमोर.

वहिनीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाकळीच्या कडेपर्यंत नेला.

"कडेला जांभळी रेघ आलीय," ती हलकेच म्हणाली. "मला वाटलंच होतं, येईल म्हणून."

मग तिने फोन परत दिला आणि दादाकडे न बघता गाडीची किल्ली उचलली. "चला साहेब," ती म्हणाली. "तिला ऊन लागायच्या आत आणायला हवी."