शिंतोडेसाहेबांची लाल रिंग

"पातळ पसर गं! तोंडाला पावडर लावतात तशी. असे ढीग घातलेस तर पावलं उमटणार कशी?" खडूने दबक्या आवाजात फर्मान सोडलं.

"मग ये की इकडे आणि तूच पसर! मघापासून नुसते हुकूम सोडतोयस," भिंगरी फणकारली. तिचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते.

"मी पसरू? मी पसरू?" शेपूट नाचायला लागला, आणि नाचता नाचता राखेत उमटलेली स्वतःचीच पावलं बघून एकदम गप्प झाला.

खडू हा आत्याचा मुलगा. अंगाने काटकुळा, आणि दिसेल त्या भिंतीवर गणितं सोडवणारा, म्हणून खडू. भिंगरी त्याची मामेबहीण, सुट्टीला आलेली. तिचा पाय एका जागी ठरेल तर शपथ! आणि शेपूट म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे तो जाणारच, त्याला दुसरं नाव शोधायचं कशाला?

आत्या कोंबड्या पाळायची. अंड्यांसाठी नव्हे, खाण्यासाठीही नव्हे. पिसांसाठी! मासे पकडायच्या गळावर काही लोक पिसांचे खोटे किडे बांधतात. पाण्यावर तो किडा तरंगला की मासा फसलाच. त्यासाठी लागतात कोंबड्याच्या मानेवरची लांब, चमकदार पिसं, आणि त्यातही राखी रंगाची. राखी पीस पाण्यावर अगदी खऱ्या पंखासारखं दिसतं म्हणे. लांब झालेली पिसं आत्या अलगद काढून घ्यायची, ती पुन्हा यायची. कोंबडे एकत्र ठेवले तर भांडून पिसांच्या चिंध्या करतील, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खुराडं. उन्हाने रंग उडू नये म्हणून वर छप्पर, खाली कोरडी वाळू. काय तो थाट! शेपटाला एवढा थाट घरात कोणी दिला नव्हता.

पण एक गोष्ट आत्याच्या जिवाला लागून राहिली होती. राखी कोंबडा आणि राखी कोंबडी यांची अंडी मशीनमध्ये उबवली, तरी निम्मीच पिल्लं राखी निघत. उरलेली काही काळी, काही अंगभर ठिपके असलेली पांढरी. "रक्तात भेसळ आहे कुठेतरी," आत्या म्हणायची. "सारख्याला सारखं जोडायचं आणि बाकीचं काढून टाकायचं. माझे सासरे हेच सांगून गेलेत." रंग कळला, की काळ्या आणि ठिपकेवाल्या पिल्लांच्या पायात लाल रिंग पडायची. लाल रिंगवाली मोठी झाली की दर आठवड्याला येणारा गाडीवाला त्यांना बाजारात घेऊन जायचा. आणि पुढच्या खेपेला पुन्हा निम्मी पिल्लं काळी आणि ठिपकेवाली!

अशाच एका लाल रिंगेत भिंगरीचा जीव अडकला होता.

गेल्या सुट्टीत तिच्या तळहातावर एक पिल्लू अंड्यातून बाहेर आलं होतं. मोठं झाल्यावर ते असं दिसायला लागलं, की पांढऱ्या सदऱ्यावर कुणीतरी शाईचं पेन झटकलंय! म्हणून त्याचं नाव शिंतोडे. चालायचा मात्र असा छाती काढून, की पुढे सगळे त्याला शिंतोडेसाहेबच म्हणायला लागले. भिंगरीने रडून गोंधळ घातला, तेव्हा आत्या म्हणाली होती, "बरं, पुढच्या सुट्टीपर्यंत राहू दे. पुढे खुराडं रिकामं करावंच लागेल हं."

ती पुढची सुट्टी आता आली होती. गाडीवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता.

आणि नेमकं त्याच दुपारी शेपटाला फळ्यांच्या ढिगामागे चिवचिव ऐकू आली. वाकून बघतात तर एक काळी कोंबडी! मागे गाडीत चढवताना हातातून निसटलेली, तीच ही. पायात लाल रिंग. आणि तिच्या पंखाखाली नऊ पिल्लं. नऊच्या नऊ राखी!

"एकही काळं नाही?" खडूने चष्मा पुसला. "आई काळीकुट्ट आणि पिल्लं सगळी राखी? मग यांचे बाबा कोण?"

"राखी कोंबडाच असेल," भिंगरी म्हणाली.

"त्या सगळ्यांच्या दारांना कुलपं आहेत. फक्त एकाच खुराड्याची कडी मोडलीय," खडू म्हणाला आणि त्याने शेवटच्या खुराड्याकडे बघितलं.

म्हणून ही राख. बंबातली, पातळ पसरलेली, शेवटच्या खुराड्यापासून फळ्यांच्या ढिगापर्यंत.

सकाळी उठल्या उठल्या तिघंही धावले. राखेवर पावलांची ओळ स्वच्छ उमटली होती! डाव्या पावलाचं मागचं बोट वाकडं. असं बोट अख्ख्या आवारात एकाचंच होतं. आणि ते साहेब खुराड्यात परत येऊन, मान वर करून, जणू काही झालंच नाही अशा थाटात उभे होते.

"शिंतोडेसाहेब! तुम्ही?" भिंगरी ओरडली.

"थांब, थांब, थांब!" खडू मटकन खाली बसला. त्याने कोळशाचे तुकडे आणि पांढरे खडे गोळा केले. "समज, प्रत्येक कोंबडीच्या खिशात दोन खडे असतात."

"कोंबडीला खिसा कुठे असतो?" शेपटाने विचारलं.

"समज म्हटलं ना! काळीकडे दोन्ही काळे. शिंतोडेकडे दोन्ही पांढरे. राखीकडे एक काळा, एक पांढरा. पिल्लाला आईकडून एक खडा मिळतो आणि बाबांकडून एक. आता राखीला राखी जोडली तर कधी दोन काळे येतात, कधी दोन पांढरे, आणि कधी एकेक. म्हणून निम्मीच राखी! पण काळी आणि शिंतोडे यांची जोडी लावली तर?"

भिंगरीने एक कोळसा उचलला, एक पांढरा खडा उचलला. दुसरं काही उचलता येतच नव्हतं. "दर वेळी एक काळा, एक पांढरा," ती हळूच म्हणाली. "सगळीच राखी!"

"रक्तात भेसळबिसळ काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझी आई ज्यांना काढून टाकतेय ना, त्यांच्याच पोटी सगळी राखी पिल्लं येणार आहेत."

भिंगरी ऐकायला थांबलीच नव्हती. ती घराकडे सुसाट निघाली होती.

ओसरीवर गळवाले आजोबा आले होते. लांबून यायचे, आणि आत्याची सगळ्यांत चांगली पिसं तेच घ्यायचे. एकेक पीस ते बोटाभोवती वाकवून बघत. कंगव्याच्या दातांसारखे केस सारखे उभे राहिले तर उजवीकडे, नाहीतर डावीकडे. आत्या श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे बघत होती.

"आत्या, शिंतोडेला पाठवू नकोस! त्याच्यामुळेच..."

"नंतर, बाळ."

"पण आत्या, काळ्या कोंबडीला नऊ पिल्लं..."

"नंतर म्हटलं ना! दिसत नाही का कोण आलंय ते?"

"आई, फक्त एक मिनिट चल. मी खडे मांडलेत," खडू धापा टाकत म्हणाला.

"खडे काय, गोट्या काय, जा खेळा तिकडे!" आत्याने मान न वळवताच हात झटकला. पालथ्या घड्यावर पाणी! भिंगरीला जोरात किंचाळावंसं वाटलं. मोठ्या माणसांना आपण दिसतो, आपला आवाजही ऐकू जातो, तरी आपलं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत का नाही, हे तिला काही केल्या कळेना.

तेवढ्यात फाटकाबाहेर भोंगा वाजला. गाडीवाला! तोही आजच लवकर!

"लाल रिंगवाले सगळे घेऊन जा हो!" आत्याने बसल्या जागेवरून आवाज दिला. वळूनसुद्धा बघितलं नाही तिने.

तिघं मागच्या बाजूने पळाले. "रिंग कापू या!" भिंगरी म्हणाली. खडूने कात्रीने शिंतोडेची रिंग कापली. "पण अंगावरच्या शाईचं काय?" त्यावर शेपटाने, आयुष्यात पहिल्यांदाच, कामाची गोष्ट सांगितली. "राख चोपडा ना!"

चोपडली की! मान, पाठ, पंख, सगळीकडे. शिंतोडेसाहेब रागाने लालबुंद झाले, पण बाकी छान राखी दिसायला लागले. त्यांना राखी कोंबड्यांच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुराड्यात ढकललं आणि तिघं समोर उभे राहिले, अगदी गरीब गायीसारखे चेहरे करून.

गाडीवाला पिंजरे भरत भरत रांगेपर्यंत आला. "काय रे पोरांनो, एवढे शांत? तब्येत बरी आहे ना?"

"हो काका!" तिघं एका सुरात ओरडले. जरा जास्तच मोठ्याने.

गाडीवाला हसला. तो पुढे सरकणार, इतक्यात शिंतोडेसाहेबांनी पंख पसरले. भिंगरीने मनातल्या मनात हात जोडले. नको रे, नको, नको! साहेबांनी शेपटापासून मानेपर्यंत अंग असं झाडलं, की राखेचा ढग उठला. गाडीवाला खोकला, शेपूट शिंकला, आणि ढग खाली बसला तेव्हा खुराड्यात उभा होता पांढराशुभ्र, शाईचे डाग पडलेला कोंबडा. वर त्याने एक झकास बांगही दिली!

"अरे वा! माझं गिऱ्हाईक इथे होय!" गाडीवाला पोट धरून हसायला लागला.

"काका, हा नाही! ह्याच्या पायात रिंग नाहीये, बघा!"

"रिंग नसली म्हणून काय झालं? हा काय राखी आहे? ताईंनी सांगितलंय, बेटा. मी आपला हुकमाचा ताबेदार."

भिंगरीने त्याचा हात धरला. खडू दारात आडवा उभा राहिला. पण गाडीवाल्याचे हात सवयीचे होते. पाय धरून उलटा केला, पिंजऱ्यात घातला, कडी लावली. भिंगरी गाडीमागे फाटकापर्यंत, मग रस्त्यावर, मग वळणापर्यंत धावली. पायांना एवढा वेग असून त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पिंजऱ्याच्या जाळीतून एक पांढरा पंख थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

ती परत आली तेव्हा शेपूट एकटाच रडत ओसरीवर गेला होता, आणि त्याने मुठीतलं काहीतरी पिसांच्या ढिगावर ठेवलं होतं. राखी रंगाचं एक पिल्लू! ते पिसांमधून तुरुतुरु चालायला लागलं.

"हे कुठलं?" आजोबांनी चष्मा वर केला.

आत्या आता कुठे उठली. फळ्यांच्या ढिगामागे वाकली, काळी कोंबडी बघितली, नऊ पिल्लं बघितली. खडूने खडे मांडले, राखेतली पावलं दाखवली, मोडकी कडी दाखवली. आत्याने स्वतः कोळसा आणि पांढरा खडा उचलून पाहिला. पुन्हा पाहिला.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." ती पुटपुटली.

"शाबास रे पठ्ठ्यांनो!" आजोबांनी खडूची पाठ थोपटली. "ताई, तुमच्या सासऱ्यांना जे जमलं नाही, ते ह्या पोरांनी राखेवर शोधून काढलं!"

"खरंच शाबास! भिंगरी, अगं, हुशार गं माझी पोर!" आत्याने तिला जवळ ओढलं.

"फोन कर," भिंगरी एवढंच म्हणाली.

आत्याने फोन लावला. लागला एकदाचा. तिकडून गाडीवाल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ताई, बाजारात सगळे उतरवले की मघाशीच. दहा जागचे कोंबडे एकत्र पडलेत, आणि निम्मे तर विकूनही झाले. आता त्यातला तुमचा कुठला, कसा सांगू?"

"ठिपक्यांचा! पांढरा!" भिंगरी ओरडली. पण फोन बंद झाला होता. आत्याने लगेच स्कूटर काढली, भिंगरीला मागे बसवलं आणि बाजारात गेली. तासाभराने दोघी परत आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"रडू नको गं राणी," आत्या म्हणाली. "मशीनमध्ये अंडी आहेतच. या खेपेला असे चार-पाच तरी निघतील. त्यातला हवा तो घे! सगळे घे!"

"पण तो नाही ना निघणार त्यात," भिंगरी म्हणाली.

आत्याने पदराने भिंगरीचे राखेचे हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली. "माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही पोरांनी तीनदा सांगितलंत आणि मी एकदाही मान वळवली नाही."

वरातीमागून घोडं! पण घोडं आलं खरं. त्याच संध्याकाळी आत्याने मुलांच्या हाती कात्री दिली, आणि मशीनशेजारी वाढणाऱ्या सगळ्या लहान काळ्या आणि ठिपकेवाल्यांच्या लाल रिंगा कापल्या गेल्या. काळ्या कोंबडीला पिल्लांसकट शेवटच्या खुराड्यात जागा मिळाली. येणाऱ्याजाणाऱ्याला आत्या अभिमानाने सांगायची, "आमच्या पोरांनी शोधून काढलं!" खडूला तेव्हा लाजावं की फुगावं ते समजायचं नाही. भिंगरी मात्र तिथून उठून जायची.

पुढच्या आठवड्यात भोंगा वाजला, तेव्हा आत्या स्वतः फाटकावर गेली. "आता इथून काही मिळायचं नाही हो," तिने सांगितलं.

गाडीवाला काही विचारणार होता. तोवर भिंगरी चाकावर पाय देऊन गाडीवर चढली होती. एकेका पिंजऱ्याला डोळा लावून ती आत बघायला लागली. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. तिने खालची रांग बघितली, मधली बघितली, टाचा उंचावून वरचीही बघितली.

मग ती खाली उतरली. शेपटाने तिचा हात धरला, आणि खडूने फाटक लावून घेतलं.