इमू-झुडपाचा राग

"बंद कर! आधी ते पाणी बंद कर!"

थिया पॅस्को गाडीतून अर्धी उतरलीही नव्हती. पर्थला बहिणीच्या बाळंतपणाला दोन आठवडे गेली होती, आणि इथे मेरेडिनमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या जानेवारीच्या भाजणाऱ्या उन्हात, एक अनोळखी माणूस तिच्या कुंपणावरून पाइप धरून उभा होता. धार थेट इमू-झुडपाच्या बुंध्यावर!

"मी कॉरिन हॅलम... शेजारी भाड्याने आलोय. शाळेत शिकवायला, एका सत्रापुरता. बिचारं सुकत होतं, म्हणून रोज—"

"रोज?"

खालची चिकणमाती चिखल झाली होती. एरवी चंदेरी असणारी पानं काळवंडून माना टाकून होती.

"टास्मानियात आम्ही—"

"टास्मानिया खड्ड्यात गेलं! महिनोन् महिने पाण्याशिवाय फुलतं हे. बाबांच्या शेतातलं शेवटचं झुडूप होतं. शेत विकलं, नव्या मालकाने सगळी नांगरून टाकली. एवढं एकच मी इथे आणून वाचवलं होतं... ते तू बुडवून मारलंस."

त्याचा चेहरा पडला. तिने दार धाडकन लावून घेतलं.

सकाळी फावड्याचा आवाज आला. तो तिच्या बागेत चर खणत होता.

"कुणाला विचारून?"

"झापा नंतर. आधी पाण्याला वाट करू द्या."

ती तणतणत बाहेर आली आणि दुसरं फावडं उचललं. दुपारपर्यंत दोघांनी खडी ओतली. ती सारखी चुका काढत होती. तो "बरं" म्हणत होता. त्या "बरं"चाही तिला राग आला. घामाने चिकटलेल्या त्याच्या केसांकडे आपलं लक्ष का जातं, याचा तर फारच.

नवी रोपं धरतील म्हणून तिने शेंड्याच्या फांद्या कापून वाळूत लावल्या. फेब्रुवारीत झुडूप मेलं. मार्चमध्ये एके दिवशी तिने लावलेली शेवटची फांदीही गेली. त्या संध्याकाळी ती पायरीवर बसून रडली, तेव्हा कॉरिन एक कुंडी घेऊन आला. वाळूत दोन कोवळे चंदेरी कोंब!

"तुम्ही टाकून दिलेल्या फांद्यांतून दोन उचलल्या होत्या. जगतील याची खात्री नव्हती, म्हणून..."

"दोन महिने लपवलंस? मी रोज रडत होते!"

"पुन्हा मारलं असतं तर... तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती."

तिने कोंबांवरून हलकेच बोट फिरवलं.

एप्रिलमध्ये दोन्ही रोपं थियाच्या घरापुढच्या सर्वांत उन्हाच्या जागी, खडीच्या उंचवट्यावर लागली. माती दाबताना तो सहज म्हणाला, "शुक्रवारी सत्र संपतं. शाळा वर्षभर राहा म्हणतेय. मी अजून उत्तर दिलं नाही."

"आणि हे आज सांगतोस?"

"तुम्ही चिडला असता."

"मग आता काय आरती ओवाळतेय?" ती ताडकन उठली. "जानेवारीपासून रोज तुझा राग येतो मला, कॉरिन. आणि ज्या दिवशी तू कुंपणापाशी दिसत नाहीस ना... त्या दिवशी सगळ्यात जास्त येतो!"

बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

तो मातीने भरलेले हात पँटला पुसत उभा राहिला. हसू आवरत नव्हतं.

"थिया... मग मी राहू?"

"विचारतोस काय, मूर्खा! जा, शाळेत सांगून ये. आत्ता!"

तो तसाच, मळक्या गुडघ्यांनी, फाटकातून पळत सुटला.