सव्वातीन मीटरच्या वर

वोलोलोनाबाईंचं काम सोपं होतं. मी टेपचं एक टोक झुडपाच्या बुंध्याशी धरायचं, त्यांनी काठीला बांधलेलं दुसरं टोक शेंड्याला लावायचं आणि माझा मेव्हणा एवोत्से याने आकडा ओरडून सांगायचा. बाई राजधानीतून आल्या होत्या, झाडांचा अभ्यास करायला. आम्ही इथलेच. दुपारी कसाव्याचे उकडलेले कंद आणि आंबट दूध माझ्या घरी असे.

"हे बघा, काका," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. त्यांनी एक काडी धरून ओढली. ती तारेसारखी ताणली, हातातून निसटली आणि जागेवर जाऊन बसली. एकही पान हाती लागलं नाही. या झुडपाची पानं तांदळाएवढी, तीही आतल्या जाळीत लपलेली.

"शेळ्यांपासून वाचायला असेल," मी म्हणालो.

"शेळी दातांनी तोडते, तिला याचं काही वाटत नाही. ही तयारी चोचीसाठी आहे. इथे पूर्वी एक प्रचंड पक्षी होता, उडता न येणारा. तो काडी चोचीत धरून ओढायचा. लाखो वर्षं ओढत राहिला. ज्या झुडपांच्या काड्या तुटल्या ती संपली, ज्यांच्या निसटल्या ती टिकली. पक्षी जाऊनही हजार वर्षं झाली, झुडपं अजून तशीच." मग त्यांनी वर बोट दाखवलं. "सव्वातीन मीटरच्या वर बघा. फांद्या सरळ, पानं रुंद. तिथवर त्याची मान पोचत नसे."

एवोत्से हसायला लागला. "म्हणजे झाडांना कुणी निरोपच दिला नाही! आमच्या दाजींसारखं. आक्का जाऊन चार महिने झाले, हे अजून दोघांचा कसावा शिजवतात."

"मग उरलेला खातं कोण?"

"मी. म्हणून तर मीही निरोप देत नाही."

मीही हसलो. ते खरंच होतं.

आमच्याकडे माणसाला पुरलं की त्याचं घर जाळतात, आतल्या सगळ्या वस्तूंसकट; मागे राहिलेल्यांनी नवं बांधायचं. एखादी मागे राहिली तर माणूस पूर्वजांपर्यंत पोचत नाही, तिच्यासाठी परत फिरतो. माझ्या बायकोला, सोआला, आम्ही थाटात पाठवलं. अकरा बैल कापले, बंदुका उडवल्या, पोरांनी कुस्त्या खेळल्या. तिला असा गोंधळ फार आवडायचा. आग लावण्याआधी एवोत्सेने दारात उभं राहून विचारलं, "दाजी, सगळं आत आहे ना?"

मी हो म्हणालो.

एक अंडं बाहेर होतं. त्याच पक्ष्याचं. आमच्या किनाऱ्यावर कवचाचे तुकडे पायाखाली येतात, पण सोआला लहानपणी रताळी खणताना अख्खं सापडलं होतं, माणसाच्या डोक्याहून मोठं. तिने टोकाला अंगठ्याएवढं भोक पाडलं, लाकडाचं बूच केलं आणि चाळीस वर्षं त्यात प्यायचं पाणी ठेवलं. शेवटच्या सकाळी तिने त्यातलंच पाणी मागितलं. दोन घोट प्यायली आणि पाण्याला धुराचा वास येतो म्हणून माझ्यावर चिडली. ते अंडं माझ्याने जाळवेना. जळलेल्या घराच्या जागेशेजारी एक दाट झुडूप आहे, त्याच्या पोटात मी ते लपवलं. तिथे कुणी हात घालत नाही, ओरखडून निघतो.

पाचव्या दिवशी बाई गावाच्या दक्षिणेला एका झुडपाशी थांबल्या. त्याच्या काड्या सैल लोंबत होत्या. एक पान नव्हतं.

"तोडलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "ओढून घेतलीत. थेट वरपर्यंत."

"दाजी, तुमची शेळी शिडी घेऊन फिरते का हो?" एवोत्से म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तसंच आणखी एक झुडूप दिसलं, पन्नासेक पावलं अलीकडे. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. मी मागे वळून बघितलं. तिन्ही एका रेषेत होती आणि रेष घराच्या जागेकडे येत होती. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. त्या दुपारी जेवताना शेळीचा विनोद कुणी काढला नाही.

संध्याकाळी मी एवोत्सेला अंड्याचं सांगून टाकलं.

 तो म्हणाला, "आक्काच्या घरात चोरी! जिवंत असती तर मुसळ घेऊन मागे लागली असती."

"तेच चाललंय असं वाटतं."

"सकाळी जा, तिच्या थडग्यावर फोडा, माफी मागा. ती अडकून पडलीय, दाजी. आणि येऊन कसावा शिजायला टाका. मला भूक लागेल."

ऊन चांगलं वर आल्यावर मी गेलो. फोडायला दगड घेतला होता. झुडपात हात घातला. एरवी कोपरापर्यंत रक्त निघतं. त्या दिवशी एकही काडी अडली नाही.

आधी बूच हाताला लागलं. वाळूत पडलेलं.

मग अंडं काढलं. जड होतं. चार महिने त्यात पाणी नव्हतं.

अंगठ्याने भोक शोधलं. अंडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. सगळीकडे गुळगुळीत, भोक कुठेच नाही.

सावलीत असूनही ते कोमट होतं.

मी कानाला लावलं.

ठक ठक. मग काही नाही. मग ठक.

सोआ मका असाच कांडायची. दोन घाव, मग थांबून बघायचं, मग एक.

मी दगड खाली ठेवला. अंडं जागेवर ठेवलं आणि वर वाळू ओढली.

"फोडलंत?" एवोत्सेने विचारलं.

"फोडलं."

"सुटली बिचारी." तो पातेल्यात डोकावला. "आज कसावा जास्त दिसतोय."

"असू दे."

आठ दिवसांनी बाई अंडं पोटात असलेल्या त्या झुडपाचं माप घ्यायला आल्या. मी बुंध्याशी वाकलो, टेपचं टोक धरलं. बाई वर बघत राहिल्या. शेंड्याच्या सरळ फांद्यांवर, रुंद पानांच्या मधून, नव्या काड्या फुटल्या होत्या. बारीक, वाकड्या, तारेसारख्या. टोकापर्यंत.

"आकडा," बाई हळूच म्हणाल्या.

"पाच मीटर सत्तर!" एवोत्से ओरडला. "काय हो बाई, तुमचा पक्षी एवढा उंच होता?"

"नव्हता."

"मग हे कुणाला घाबरलंय?"

 माझा कान झुडपाला लागलेला होता. रोज ऐकू येणारी अंड्यातली ठकठक सकाळपासून थांबली होती.