मधल्या भिंतीतली खिडकी

जेवण झालं की तुम्हाला भूत पायजे. माझं तोंड दुखतं त्याचं काय? सोमनाथ, तो मोबाईल खाली ठेव, नायतर मी उठतो. एकदाच सांगीन.

कडुबा माझ्या हाताखाली शिकलेला गवंडी, पाचोडचा. मागल्या पौषातल्या अमावास्येला ठेकेदार अप्पारावनं त्याला पानदरिब्यामागच्या जुन्या घरात कामाला लावलं. तिथली घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मधल्या भिंतीत माणूस जाईल एवढी खिडकी. बाया रस्त्यावर न उतरता शेजारी जायच्या. ती बुजवायची होती.

मी कडुबाला म्हणलं, "शेजाऱ्याला इचारल्याबिगर शेवटची वीट बसवू नये. सकाळपर्यंत एक जागा उघडी ठेव."

अप्पाराव म्हणला, "मिस्त्री, तुम्ही घरी जा. सकाळी फरशीवाला येतोय."

गेलो.

पुढचं कडुबाच्या तोंडचं. खिडकीतून पलीकडं अंगण दिसत होतं, हौद होता. त्याची बायको मालनबाई चुन्याचं घमेलं घेऊन तिकडं उतरली. तिकडून विटांच्या दर्जा, म्हंजे सांधे, चुन्यानं भरायच्या अन् गल्लीनं फिरून यायचं.

"हाय का गं?"

"हाय. तुमच्यासारखी बिडी फुकत नाय बसले."

थर चढले. आधी तिचं तोंड दिसायचं, मग बोटं. मग नुसता आवाज.

"हाय का?"

"हाय... इथं लई गार लागतंय, अवो."

शेवटची वीट बसली.

"मालन?"

...

"मालन..."

तो गल्लीनं पळत मागं गेला. मागं घरच नाय. रस्ता. ते घर रुंदीकरणात कवाच पडलेलं. दिव्याखाली मोटरसायकली उभ्या. भिंतीला लागून कुत्रं झोपलेलं.

त्यानं भिंत फोडली. पहारीनं. मग हातानं. नखं गेली. भोकातून रस्ताच दिसला. आत आला, बाहेर गेला, परत आत. माझ्या दारात बसला तवा एकच बोलत होता, "मिस्त्री, तिला गार लागत होतं..."

पोलीस ठाण्यात अप्पाराव म्हणला, बाई नवऱ्याला सोडून गेली, अन् हा म्हातारा मिस्त्री बाता मारतो. चारचौघांत म्हणला.

मी फुटलेल्या विटा उलटून बघितल्या. रस्त्याकडल्या अंगाला दर्जा भरलेल्या. अंगठ्यानं दाबून, नीट. शेवटच्या विटेची बी.

वर्ष झालं. तो चुना वाळत नाय. ती शेवटची वीट मी अप्पारावच्या हातात दिली. त्यानं बोटं पँटीला पुसली अन् गाडीत बसला. माफी मागायची हाय अजून. अप्पारावनं.