डबा खाल्लास का?

मुग्धा रडत नाही, हीच लोकांची तक्रार. नवरा, अद्वैत, जाऊन सात महिने झाले आणि बाई आपली रोज नऊच्या ठोक्याला इंदिरानगरच्या ऑफिसात हजर! लोकांना काय माहीत? एका जुन्या सर्व्हरवर लॉगिन केलं की पडद्यावर ओळ यायची, 'डबा खाल्लास का?' तिच्याच टीममध्ये असताना अद्वैतनं गमतीनं तिच्यासाठी घातलेली. ती ओळ वाचायलाच ती ऑफिसला यायची म्हणा ना.

त्या मंगळवारी दोनशे सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर पॅकेज आपोआप बसत होतं. एकशे नव्व्याण्णव सुरळीत पार पडले. नेमका हा अडला. ती ओळ असलेली स्वागताची फाइल जुन्या पॅकेजच्या मालकीची, आणि नव्यालाही तीच हवी.

"जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेव," टीमप्रमुख भव्या म्हणाली. अद्वैतही हेच शिकवायचा. दोघांचा हक्क असेल तर एकाला सरकवायचं, पुसायचं नाही.

मुग्धानं मान डोलावली. पण हात बधिर, डोकं बधिर. सवयीनं तिनं स्क्रिप्टमध्ये जुन्यावर जबरदस्तीनं नवं लिहायचा पर्याय टाकला आणि एंटर दाबलं.

अगं बाई, हे काय केलं!

तिनं लॉगिन केलं. फाइल होती तिथंच होती, नावही तेच. आत फक्त दोन शब्द, 'स्वागत आहे.'

संध्याकाळी ती येलहंक्याला घरी पोहोचली. गेटपाशी शेजारच्या शिवलीलाअक्का भेटल्या. अद्वैत गेला तेव्हा तेरा दिवस याच अक्कांनी तिला दोन घास भरवले होते.

"आज स्वल्प उशीर झाला की गं," अक्का म्हणाल्या. "अद्वैतअण्णा मघाशीच आलाय."

वय झालंय बिचारीचं, असं मनाशी म्हणत मुग्धा वर गेली.

दार उघडं होतं.

ओट्यापाशी एक जाडसर माणूस काकडी चिरत होता. अंगात अद्वैतचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. या माणसाला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"स्वागत आहे," तो हसून म्हणाला.

ती उंबऱ्यातच थांबली. डब्याचं विचारेल म्हणून वाट पाहिली. त्यानं विचारलं नाही.

मग तिनं भिंतीकडे पाहिलं. अद्वैतच्या फोटोत आता तोच जाडसर माणूस होता. सकाळी तिनंच घातलेला मोगऱ्याचा हार अजून ताजा होता.