न खरवडलेली भिंत

भार्गव तोरसकरांची बायको कुमुद गेली सकाळी अकराला आणि त्यांना ते कळलं दीडला. मधले अडीच तास ते ‘तारामती’ जहाजाच्या पोटात वाकून लोखंडी भिंतीवरचा रंग उकलत होते. थरवाचक यंत्र चालू असताना फोनची थरथरसुद्धा चालत नसे, म्हणून सगळ्यांचे फोन धक्क्यावर एका पेटीत ठेवलेले असत. जेवायला वर आल्यावर त्यांनी फोन घेतला. मुलीचे नऊ कॉल होते. आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, ताप उतरलाय, काळजीचं कारण नाही.

‘तारामती’ हे नौदलाचं जुनं सर्वेक्षण जहाज. समुद्राचा तळ मोजत त्याने सदतीस वर्षं काढली. आता मालवणात त्याचं संग्रहालय व्हायचं होतं आणि त्यावर नोकरी केलेले निवृत्त खलाशी श्रमदानाला येत होते. तोरसकर तिथे बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम.

दिवसकार्य उरकून ते परत आले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या अनंत शिरसाटने चहाचा पेला पुढे केला.

“साखर कमी पडली हा, बोसनसाहेब.”

“तुजो हात कधी नीट पडलो?” तोरसकर म्हणाले, आणि शिरसाटला बरं वाटलं.

चहा संपवून ते नीलाक्षी वझेकडे गेले. थरवाचक तिचंच. तिचं म्हणणं साधं होतं. ओल्या रंगावर दुधासारखी साय धरते. ती घट्ट होत असताना जवळ कुणी बोललं तर आवाजाचे कंप तिच्यावर उमटतात आणि ती वाळली की तिथेच राहतात. त्यावर दुसरा रंग चढला तर आतली साय झाकून सुरक्षित राहते. यंत्राचा झोत थर सोलत जातो आणि सोलता सोलता ते कंप वाचतो. वाचलेला थर उरत नाही, आवाज तेवढा राहतो. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीतून एका आचाऱ्याच्या शिव्या निघाल्या होत्या. सगळे पोट धरून हसले होते.

“मॅडम, तिसऱ्या गल्लीची डावी भिंत वाचाल?”

“तिथे काय आहे?”

तोरसकरांनी सरळ सांगितलं. बत्तीस वर्षांपूर्वी खलाशांच्या घरच्यांना जहाज दाखवायला आणलं होतं. खोल्यांमधल्या त्या अरुंद गल्लीचा रंग ओला होता. कुमुदचा पदर भिंतीला लागला, भिंतीवर डाग पडला, आणि तोरसकर तिच्यावर खेकसले. तिला त्या वेळी काहीतरी सांगायचं होतं. ती सांगतही होती. त्यांनी ऐकलं नाही. पुढे कधी विचारलं की ती हसायची. “विसारलंय मी,” म्हणायची.

“इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही,” ते म्हणाले. “आता वाटतं.”

नीलाक्षीने जहाजाच्या जुन्या नोंदी काढल्या आणि तिचा चेहरा उतरला.

“काका, इथे लिहिलंय की त्याच आठवड्यात ती गल्ली लोखंडापर्यंत खरवडून पुन्हा रंगवली. खाली सही तुमची आहे.”

“माझीच. मी होतो तोवर कधी रंगावर रंग चढवू दिला नाही. डाग पडला की सगळं खरवडायचं आणि पहिल्यापासून करायचं.” त्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं. “म्हणजे ते गेलंच.”

शिरसाट दारात घुटमळत होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

“बोसनसाहेब, खरा सांगू? रागावशात.”

“बोल.”

“आमी ता खरवडूकच नाय. तुमी वर गेलास, आमी डागावर पॉलिशपेपर फिरवलो आणि वरसून रंग मारलो. उरलेलो वेळ झोपलो.”

तोरसकरांनी पुढे होऊन या सत्तर वर्षांच्या कामचुकाराचे दोन्ही हात धरले.

“रे शिरसाटा, तेव्हा सापडलो असतस तर तुका मी दर्यात फेकलो असतो.”

“म्हणान तर सांगूक नाय!”

दुपारी यंत्र गल्लीत लावलं. थर एकेक करून उतरले. बाराव्या थराला भिंत बोलायला लागली. आधी बुटांचे आवाज आले, एक मूल रडलं. मग:

“रंग ओलो आसा ता सांगूक नको?”

तोरसकर यंत्राजवळ सरकले. आवाज बारीक होता, पण कुमुदचाच. लगेच त्यांचा स्वतःचा आवाज आला, त्यांना आठवत होता त्याहून कितीतरी मोठा. “तुझे डोळे खंय होते?”

मग ती पुन्हा बोलली, हळू. “बरा. आता ऐका. तुमका एक सांगूचा आसा…”

पुढे नुसतं खसखस, खसखस.

“हा कसला आवाज?” नीलाक्षीने विचारलं.

“फडकं,” तोरसकर म्हणाले. “मी डाग पुसतोय.”

फडकं फिरलं तिथली साय मोडली होती आणि उरलेली भिंत तोवर वाळून गेली होती. नीलाक्षी पडद्याकडे वळली.

“खसखशीखाली अगदी पुसट काही आहे. यंत्र अंदाजाने तीन वाक्यं सुचवतंय. त्यांच्या आवाजात ऐकवू?”

“ती वाक्यं कुमुदची की यंत्राची?”

“यंत्राची.”

“मग नकोत.”

तिने यंत्र बंद केलं. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. “काका, आवाज दोन्ही भिंतींवर पडतो. समोरची भिंत त्याच दिवशी रंगवली होती?”

“ही झाल्यावर तासाभराने.”

“म्हणजे तेव्हा ती जास्त ओली होती. फडकंही तिच्यापासून लांब होतं. त्यावर सगळं असू शकेल. तीही खरवडायला शिरसाटकाकांकडेच होती ना?”

शिरसाटने नकारार्थी मान हलवली. “ती पांडियनाकडे.”

तोरसकर खाली पायरीवर बसले. त्या पांडियनचं नाव घेऊन त्यांनी कितीजणांना सुनावलं होतं. काम करावं तर त्याच्यासारखं, म्हणून.

“तोही तुमच्याबरोबर झोपला असेल, नाही रे?”

“काय सांगू, बोसनसाहेब? तुमी सांगितल्यार तो करीच. त्या दिवशी माजो मात्र डोळो लागललो.”

नीलाक्षीने यंत्राचं तोंड समोर फिरवलं आणि ती थांबली. तोरसकरांनी उठून त्या भिंतीवर हात ठेवला. ही खरवडली होती की नाही ते थर मोजून पाच मिनिटांत कळेल, ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली, पण हात काढला नाही. आपल्या हाताखालचा सगळ्यात प्रामाणिक माणूस त्या एका दुपारी तरी आळशी झाला असेल का?

उजवी भिंत अजून वाचायची आहे.