भोंग्याचा गळा कोणी दाबला?

"हा भोंगा आहे की सर्दी झालेली म्हैस?" टिटवीचा मित्र लंबू खो खो हसला.

टिटवीला मात्र हसू येईना. मनोऱ्यावरचा हा वादळाचा भोंगा तळ्यातल्या होड्यांना परत बोलावण्यासाठी बसवलेला. गेल्या सुट्टीत ती मावशीकडे आली होती, तेव्हा चाचणीच्या वेळी कानठळ्या बसल्या होत्या. आज चाचणीला नुसतंच घुं... घुं!

"दुर्बीण दे!" तिने लंबूच्या धाकट्या बहिणीला, चष्मिसला, फर्मावलं. "अगं बाई! कर्ण्यात निळ्या पट्ट्यांचं कापड कोंबून सुतळीने बांधलंय!"

तिघं होड्यांच्या मॅनेजरकडे धावली. चाचणीचं बटण तोच दाबायचा.

"पक्ष्यांनी घरटं केलं असेल," लाऊडस्पीकरवरचं गाणं बदलत तो म्हणाला.

"आणि सुतळीने गाठसुद्धा मारली? हुशारच पक्षी!" चष्मिस म्हणाली.

"लहान तोंडी मोठा घास नको! पळा!"

बाहेर येताच टिटवीने तळ्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर धुळीची तपकिरी भिंत उठली होती. वर विजा लखलखत होत्या. आणि तिच्या छोट्या भावाला घेऊन मावशी होडीतून तळ्यात!

"मी चढून कापड काढतो!" लंबू निघाला.

"अक्कल गहाण टाकलीस? विजा चमकताहेत आणि तू लोखंडी शिडीवर?" टिटवीने त्याची कॉलर धरली. "आपल्याला लाऊडस्पीकर हवाय!"

चष्मिस मॅनेजरच्या केबिनपाशी ओरडली, "काका, तुमच्या खुर्च्या उडाल्या!"

मॅनेजर धावत बाहेर आला. टिटवी सुळकन आत! खट्! कडी लागली. गाणं थांबलं.

"वादळ आलंय! सगळ्या होड्या काठाला आणा! झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत शिरा! नाकाला ओला रुमाल बांधा!"

"माझी गिऱ्हाइकं पळवतेस?" मॅनेजर दार बडवत होता. पण होड्या वळल्या होत्या.

मावशी छोट्याला कडेवर घेऊन उतरली आणि सगळ्यांनी उपाहारगृहाचा आसरा घेतला. दारं लागतात न लागतात तोच वाऱ्याने झडप घातली. रिकाम्या होड्या पालथ्या झाल्या, धुळीने दिवसाची रात्र केली.

वादळ ओसरल्यावर अग्निशमन दलाचे साहेब आले.

"भोंगा अचानक बिघडला हो," मॅनेजर कळवळून म्हणाला.

"मग होडीच्या या गादीचं अर्धं कापड गेलं कुठे?" चष्मिसने फाटकी गादी पुढे केली. त्याच निळ्या पट्ट्या!

मॅनेजरची बोबडी वळली. "ढग दिसला की तुम्ही भोंगा वाजवायचात... लोक घरी जायचे... धंदा बुडायचा..."

"माझा भाऊ बुडाला असता त्याचं काय?" टिटवी कडाडली.

साहेबांनी मॅनेजरला गाडीत बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! हा दर आठवड्याला चाचणीनंतर फोनवर सांगायचा, भोंगा उत्तम आहे."

"आणि तुम्ही ऐकायला एकदाही आला नाहीत?"

मावशीने तिला गप्प केलं नाही.

"चुकलंच पोरी," साहेब म्हणाले. "यापुढे चाचणीला मी स्वतः इथे उभा असेन."

"कानात बोळे न घालता!" टिटवी म्हणाली.